तानूबाईचं भ्या

शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत एक बातमी कित्येक वर्षं ठाण मांडून बसली होती, की तानूबाई भुताला भिते. दवाखान्यातून आली की ती आधी दारातच हातपाय धुवायची, चहाचा कप रिकामा होईपर्यंत कुणाशी बोलायची नाही, आणि फारच खोदून विचारलं तर "आज लई भ्या वाटलं बाई" एवढंच म्हणायची. मग भूत नाही तर दुसरं काय? शेजारच्या शालूबाईंनी तर त्या भुताला हिरवं लुगडं नेसवण्यापर्यंत मजल मारली होती.

बातमी खोटी, पण भ्या खरं. मेलेल्या माणसाला तानूबाई कधीच भ्याली नाही. ती भ्यायची झोपलेल्या जिवंत माणसाला.

ब्याण्णव साली ती त्या दवाखान्यात आया म्हणून लागली. ऑपरेशन झालेल्या पेशंटला भूल उतरेपर्यंत ज्या खोलीत ठेवतात, त्या रिकव्हरीत तिला उभं केलं. काम तसं साधंच. अंगावर पांघरूण घालायचं, ओलं पुसायचं, कण्हणाऱ्याचा हात धरायचा. पहिल्याच महिन्यात एक बाई तिच्यासमोर घोरता घोरता गप्प झाली. तानूबाईला वाटलं, बरं झालं, निवांत झोप लागली. तेवढ्यात रोहिणी सिस्टर धावत आल्या, त्यांनी त्या बाईची हनुवटी वर उचलली, तेव्हा कुठं तिनं श्वास ओढला. जीभ मागं पडली होती. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, हितं वरडणाऱ्याला भिऊ नका. गप्प झालेल्याला भ्या."

तानूबाईनं हे असं मनावर घेतलं, की त्या दिवसापासून तिचा एक तळवा कायम पेशंटच्या छातीवर आणि तोंडाची चक्की सुरू. "पावणं, गाव कंचं? घरात कोण कोण हाय? म्हशी किती?" भुलीतून अर्धवट उठलेला माणूस काहीही सांगून मोकळा होतो. कुणी सासूचा उद्धार करायचं, कुणी भलत्याच बाईचं नाव घ्यायचं. ती नावं काढून घ्यायला गल्लीनं तिच्यावर चहा, भडंग, काय काय खर्ची घातलं! पण छे. "म्या श्वास ऐकते, बोलणं न्हाय," असं म्हणून भडंग मात्र संपवायची.

एक गोष्ट तिला सक्त मना होती. मशीनला हात लावणं. एकदा तिनं ऑक्सिजनची चावी जरा फिरवली, तर भुलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "परत हात लावलास तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही." घरात नवरा दम्यानं खाटेला खिळलेला, मिळवती ही एकटी. तेव्हापासून मशीनच्या बाजूनं जातानाही ती हात पदरात गुंडाळून घ्यायची.

आणि मग दोन हजार एक साली संग्राम आला. तालमीतला पैलवान, वय बावीस, हर्नियाचं ऑपरेशन. बरोबर त्याचे वडील दादासो, तेही आपल्या काळात मातीत खेळलेले. मध्यरात्रीनंतर पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असं आदल्या दिवशी सांगितलेलं. सकाळी डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा दादासोंनी छाती ठोकली, "कण बी न्हाय. पोरगं ऐकणारं हाय."

अकरा वाजता संग्रामला रिकव्हरीत आणलं. तेवढ्यात थिएटरमधून हाक आली, आत दुसऱ्या पेशंटचं रक्त थांबत नव्हतं. "दोन मिनिटं, मावशी," म्हणून सिस्टर पळाल्या.

"पावणं, गाव कंचं?"

"पेठ..." संग्राम पुटपुटला.

"कुस्ती कुठं मारली शेवटची?"

उत्तराऐवजी तळव्याखालची छाती उचकली, पोट आत-बाहेर झालं, आणि ओठाच्या कोपऱ्यातून पांढरं घट्ट काहीतरी बाहेर आलं. तानूबाई ओरडली, "सिस्टर!" कुणी आलं नाही. दारातून दादासो डोकावले.

"पावणं, ह्यानं काय खाल्लं?" तिनं विचारलं.

"खाल्लं कुठं?" दादासो म्हणाले. "पाटंचं कट्ट्यावर नेलं आन् धार काढली तसं म्हशीचं दूध पाजलं. दीड लिटर. आंग कापायचं म्हंजे ताकद लागती की. दूध म्हंजे काय खाणं हाय व्हय?"

आमच्या पेठेत दूध कुणीच खाण्यात धरत नाही. पहाटे चौकातल्या कट्ट्यावर गवळ्याची म्हैस बांधलेली असते, पेला पुढं करायचा आणि तोंडाला लावायचा. बाप खोटं बोलला नव्हता, हेच वाईट.

"आवो धरा की! बघताय काय?" पण दादासोंनी दाराची चौकट सोडली नाही. नव्वद किलोचा गडी तानूबाईनं खांदा धरून एकटीनं कुशीवर वळवला. दूध फरशीवर सांडलं, तरी घशातली घरघर थांबेना. संग्रामचे ओठ जांभळे व्हायला लागले. तिच्या तळव्याखाली छाती धडपडत होती आणि आत काहीच जात नव्हतं.

सक्शनचं मशीन हाताच्या अंतरावर होतं. सिस्टर घशातली घाण ओढून काढताना तिनं हजारदा बघितलं होतं. पण नळी वाकडी गेली तर? हा माझ्याच हातानं गेला तर? आणि वाचला तरी उद्या चूल कशी पेटवायची? सवयीनं तिनं एक हात पदरात गुंडाळला. तरी पदरातून हात बाहेर आला. बटण दाबलं. नळी दोनदा दातांवर आपटली. तिसऱ्यांदा आत गेली. मशीनच्या बाटलीत पांढरं खळखळ चढलं. दादासो भिंतीला टेकून खाली बसले.

संग्राम खोकला. असा खोकला, की खाट हलली.

त्याच क्षणी भुलीचे डॉक्टर आत आले. फरशीवरचं दूध, भरलेली बाटली आणि चालू मशीन, सगळं त्यांनी एकदम बघितलं.

"सक्शनला हात कुणी लावला?"

दादासोंनी बोट दाखवलं. तानूबाईनं तळवा परत संग्रामच्या छातीवर टेकवला.

"म्या लावला, सायेब. घालवायचं आसंल तर सांजच्याला घालवा. आत्ता आधी ह्येची छाती तपासा, घरघर आजून गेली न्हाय."