बाहेरच्यांची वही

माझा आवाज तीन गावांना ऐकू जातो. फुशारकी नाही, भोंग्याची दिशाच तशी आहे. मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं माझं दुकान. लग्न असो, सप्ताह असो, निवडणूक असो, माईकची पहिली फुंकर माझीच. ग्रामपंचायतीची दवंडीही मीच देतो, आणि ती फुकट. माईक हातात आला की मला आणखी काही लागत नाही. ‘उद्या पाणी दुपारी सुटेल’ एवढंच सांगायचं असलं तरी ‘पाणी’ म्हणून मी असा थांबतो की बाया हंडे टाकून दारात येतात.

आमचं गाव हिंगोलीकडं, हट्ट्याच्या वाटेवर. दोन वर्षांपूर्वी शेजारून मोठा रस्ता जायला लागला आणि त्याच्याबरोबर इंजिनियर, ड्रायव्हर, मशीनवाले आले. त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या. तोवर गावात भाडं म्हणजे ट्रॅक्टरचं, नाहीतर माझ्या मंडपाचं. घराचं भाडं असतं हे आम्हाला रस्त्यानं शिकवलं, आणि आम्ही फार हुशार विद्यार्थी निघालो. महिन्याभरात म्हशी अंगणात आल्या, गोठ्यात फरशी बसली. कडब्याच्या खोलीला लोक ‘वन आरके’ म्हणू लागले.

मग व्हायचं तेच झालं. भावाभावांत वाटणी होऊन वेगळं निघालेल्या जोडप्यांना गावात खोली परवडेना. एक जण तर बायको-लेकरासह सासऱ्याच्या शेतातल्या आखाड्यावर, गुरांशेजारी राहायला गेला. यावर हॉटेलात रोज चर्चा बसे. भाडी कुणामुळं वाढली? रस्तावाल्यांमुळं, बाहेरच्यांमुळं, सरकारमुळं. घरमालकांमुळं वाढली असं कुणी म्हणालं नाही, कारण चहा पिणारे सगळे घरमालकच होते. मीही होतो.

चर्चेचा पुढारी आमचा उपसरपंच. माझा लहानपणापासूनचा दोस्त, मनानं चांगला, फक्त आवाज माझ्यापेक्षा मोठा आणि तोही भोंग्याशिवाय. त्याचा मुलगा कॅनडात. तिथल्या सरकारनं बाहेरून आलेल्यांचे नियम कडक केले की इथं ह्याचा चहा गार होई.

“तिथले लोक म्हणून राहिले, बाहेरच्या पोरांमुळं घरं महाग झाली,” तो टेबलावर हात आपटून म्हणायचा. “आता माझ्या पोरानं काय त्यांची घरं डोक्यावर उचलून नेली? एका खोलीत चौघं राहतेत बिचारे. भाडं वाढवतो घरमालक, अन् नाव कुणाचं? आमच्या लेकरांचं! ह्याला काय इन्साफ म्हणावं?”

“बराबर हाये,” आम्ही म्हणायचो.

मग तो चहाचा घोट घ्यायचा आणि त्याच दमात म्हणायचा, “आता आपल्या गावाचं बघा. ह्या बाहेरच्या लोकांनी भाडी पार बिघडवून टाकली.”

“बराबर हाये,” आम्ही पुन्हा म्हणायचो.

अशाच एका ‘बराबर’मधून ठराव जन्माला आला. मजकूर त्यानंच लिहिला. ग्रामपंचायतीच्या नोंदीनुसार जे बाहेरून आले आहेत, त्यांना गावात कुणी खोली देऊ नये, आणि दिली असेल तर महिन्याच्या आत खाली करून घ्यावी. ‘नोंदीनुसार’ या शब्दावर तो खूश होता. कायद्यात बसतं म्हणाला. ठराव येत्या ग्रामसभेत येणार होता.

रस्तावाल्यांना त्याचं काही नव्हतं, त्यांचं काम पुढं सरकलं की ते जाणारच होते. प्रश्न होता माझ्या मागच्या खोलीचा. तिथं आठ वर्षांपासून मिस्त्री राहतो. उत्तर प्रदेशातला. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या, उपसरपंचाचा दुमजली बंगलाही. त्याची बायको, जिला सगळं गाव भाभी म्हणतं, भांडायची वेळ आली की माझ्यापेक्षा अस्सल मराठी बोलते. आणि त्यांची मुलगी दहावीला. महिन्यात खोली खाली म्हणजे परीक्षेच्या तोंडावर पोरगी वह्या-पुस्तकं घेऊन रस्त्यावर. ठराव पास झाला तर जाणारं घर ते एकच होतं, बाकी सगळी नुसती चर्चा.

खरं सांगतो, आधीच्या दिवाळीला मीही मिस्त्रीचं भाडं वाढवलं होतं. ‘रस्तावाले किती देतात बघ,’ असं तोंड वर करून त्याला ऐकवलंही होतं.

ग्रामसभेच्या चार दिवस आधी पंचायतीचा शिपाई टाचलेली दोन पानं घेऊन आला. “काका, दवंडी. तालुक्याच्या साहेबाचं पत्र हाये.” मी घसा साफ केला, भोंगा चालू केला आणि वाचलं.

“समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की, गावठाणालगतच्या शासकीय जागेत घर बांधण्यासाठी मोफत प्लॉट देण्यात येणार असून, त्याकरिता...” इथं पान संपलं. मी थांबलो. गाव थांबलं. पान उलटलं. “...बाहेरगावाहून येऊन गावात वास्तव्य करीत असलेल्या सर्व व्यक्तींनी, आपल्या मूळ गावाच्या उल्लेखासह, तीन दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी.”

मला त्यात काही खटकलं नाही. सरकारी मराठीचा हा मोठा गुण आहे. कुठलंही पान कुठल्याही पानाला जोडा, वाक्य पुरं होतं.

अर्ध्या तासात पंचायतीपुढं रांग.

रांगेत आधी आले ते, ज्यांच्या आडनावातच दुसरं गाव आहे. आमच्याकडं अशी निम्मी आडनावं. काल-परवापर्यंत त्यांचा गावाच्या देवळात पहिला मान, आज ते शिपायाला सांगत होते, “आरं आडनाव वाच की! ह्या गावाचं हाये का ते? आमी शंभर टक्के बाहेरचे.”

मग बाया आल्या. माझी बायको सगळ्यांत पुढं. मी विचारलं, “तू काहून आलीस?” म्हणाली, “माझं माहेर हिंगोली. मी तर तुमच्या डोळ्यांदेखत बाहेरून आले, वाजतगाजत. मंडप तुमचाच होता.” तिच्यामागं गावातली एकूण एक सून. ऐंशीच्या घरातली एक आजी काठी टेकत आली आणि शिपायाला म्हणाली, “लिही बाबा, मी पन बाहेरचीच. साठ साल झाले, सासू मरंस्तोर हेच म्हणत व्हती.”

एकच घर मागं राहिलं, ज्यांच्या सात पिढ्या इथल्याच. त्यांचा कर्ता पुरुष पारावर डोकं धरून बसला होता. “आमच्या खानदानात कुणीच कुठून आलं न्हाई,” तो मला म्हणाला. “काय पाप केलं काय की.” त्याला आईच्या माहेराची आठवण मीच करून दिली. पळत गेला.

आणि मग आला उपसरपंच. इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्याचे वडील या गावात घरजावई म्हणून आले, शिरड शहापूरहून. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही बोलत नाही, कारण ‘घरजावई’ शब्दावरून त्यानं आजवर दोन लग्नांत आणि एका तेराव्यात हाणामारी केलेली आहे. माझ्यासमोर तो शिपायापुढं वाकला आणि हळूच म्हणाला, “लिही. वडील घरजावई.”

“काय?” शिपायाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“घरजावई रे! बहिरा हाये का? मूळ गाव शिरड शहापूर. अन् माझं नाव वर टाक, पयल्या नंबरला.”

संध्याकाळी मागच्या दारानं मिस्त्री आणि भाभी आले. दिवसभर त्यांच्या खोलीला आतून कडी होती. मिस्त्रीच्या हातात थापी. तो घाबरला की थापी सोडत नाही.

“मालक, नाम लिखवाना है क्या?”

“लिहू नकोस म्हणून सांगून राहिले मी ह्यायला,” भाभी म्हणाली. “काका, मला सांगा, आज नाव लिहून घेतेत, उद्या बाहेर काढतेत. मग पोरीच्या परीक्षेचं काय? तुमीच भोंग्यावर बोललात, तुमीच सांगा.”

धीर द्यावा म्हणून मी पत्र पुन्हा काढलं. चष्मा लावून नीट वाचलं आणि तेव्हा दिसलं. पहिल्या पानावर जावक क्रमांक एक, दुसऱ्यावर दुसराच. दोन पत्रं होती. एक बेघरांना प्लॉट देण्याचं, आणि त्याला स्थानिक रहिवासी असणं सक्तीचं, हे वर ‘विषय’ म्हणून लिहिलेलंच होतं, मी ती ओळ वाचलीच नव्हती. दुसरं बाहेरून आलेल्या भाडेकरूंची नोंद ठेवण्याचं. शिपायानं एकाचं तोंड दुसऱ्याच्या धडाला टाचलं होतं.

माईक समोर होता. भोंगा चालू करून चूक दुरुस्त करायला एक मिनिट पुरलं असतं. मी उठलो, वायरपाशी गेलो आणि प्लग काढून खिशात टाकला.

“सध्या नाव लिहू नका,” मी त्या दोघांना म्हणालो. “सभा झाली की मी स्वतः घेऊन जातो, रीतसर नोंद करू. तोवर आपला भोंगा बिघडलाय.”

चूक शिपायाची, पुढचे तीन दिवस माझे. मी ते कबूल करतो, आणि आनंदानं करतो.

ग्रामसभेला ग्रामसेवक आला. त्याच्याकडं तीन गावं, त्यामुळं आमच्या भानगडी त्याला नेहमी शिळ्या होऊनच कळतात. उपसरपंचानं उभं राहून ठराव वाचला. कॅनडा सोडून सगळं आलं. संस्कृती आली, पाणीटंचाई आली, वेगळं निघालेली जोडपी आली. टाळ्या पडल्या.

“ठीक,” ग्रामसेवक म्हणाला. “ठरावात ‘नोंदीनुसार’ आहे. नोंद दाखवा.” शिपायानं वही दिली. वहीवरचं शीर्षक शिपायानं दुसऱ्या पानावरून बरोबर उतरवलं होतं, ‘बाहेरून आलेल्या व्यक्तींची नोंदवही.’

ग्रामसेवकानं पहिलं नाव वाचलं. मग उपसरपंचाकडं पाहिलं. मग पुन्हा वहीकडं. “कारण, वडील घरजावई.”

बायांच्या बाजूनं जे हसू उठलं, तसं मला गावच्या नाटकांत विनोदी कामं करूनही कधी मिळालं नाही. ग्रामसेवक वाचत गेला. सरपंचबाई, पोलीस पाटील, हॉटेलवाला, मी (आईच्या माहेरामुळं, माझ्या बायकोनं परस्पर लिहिलेला), ती आजी. पानामागून पान.

“साहेब, ते प्लॉटसाठी लिहिलं व्हतं,” उपसरपंच कसाबसा म्हणाला. “जागा मिळंल म्हणून.”

“मग मिस्त्री कशासाठी आला, भाऊजी?” माझी बायको बसल्या जागेवरून म्हणाली. “तो बी जागा मिळंल म्हणूनच आला ना? का तुमचा बंगला बघायला आला व्हता? बंगला तर त्यानं आल्यावर बांधला.”

ग्रामसेवकानं वही मिटली. “ठराव पास करायचा तर ह्या सगळ्यांनी महिन्यात खोल्या खाली करायच्या. गावात राहतं कोण?” त्यानं शिपायाला विचारलं, “नाव नसलेलं एखादं घर?”

“एकच, साहेब. मिस्त्रीचं.”

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. भाभी चौकटीला टेकून उभी होती. ती पदर खोचत पुढं आली.

“साहेब, असं करू नका,” ती काकुळतीनं म्हणाली. “समदे गेले तर एवढ्या घरांत आमी तिघं काय करू? झाडायलाच दिवस जाईल.” मग माझ्याकडं वळली. “अन् काका, आता मूळची मीच ठरले, तर विचारते. तुमच्या खोलीचं भाडं दिवाळीला काहून वाढवलं?”

सभेपुरता भोंगा ‘दुरुस्त’ झाला होता, माईक माझ्या हातात होता आणि तो चालू होता. बायको माझ्याकडं बघत होती. मी इतका मोठा थांबा आयुष्यात घेतला नव्हता. “पहिल्यासारखं केलं,” मी म्हणालो, आणि ते तीन गावांनी ऐकलं. हट्ट्याच्या एका पाव्हण्यानं दुसऱ्या दिवशी फोन करून खोली शिल्लक आहे का विचारलं.

ठराव तहकूब झाला. ग्रामसेवकानं पानं सोडवली, शिपायाकडून उरलेली पानं मागवून जोडली आणि खरी पत्रं वाचली. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला घेऊन भाडेकरूंची नोंद करायला पंचायतीत गेलो, तर तिथं पुन्हा तीच रांग. आता सगळ्यांना इथलं व्हायचं होतं. आडनावाकडं दुर्लक्ष करा म्हणत होते.

उपसरपंच पुढं होता. ग्रामसेवक त्याला शांतपणे सांगत होता, “तुम्ही सहीनिशी बाहेरचे म्हणून लिहून दिलंय. आता रहिवासी आहात याला साक्षीदार लागेल. वहीत नाव नसलेला.”

उपसरपंचानं मागं पाहिलं. रांगेत सगळे वहीतलेच, एक सोडून. मग म्हणाला, “मिस्त्री, जरा ये बाबा.”

मिस्त्रीनं थापी माझ्याकडं दिली, हात विजारीला पुसले आणि विचारलं, “क्या लिखना है?”

“लिही, की मी इथंच राहतो.”

“आठ साल से देख रहा हूं,” मिस्त्री म्हणाला, आणि सावकाश, एकेक अक्षर विटेसारखं बसवत, त्यानं मराठीत सही केली. सही त्याला पोरीनं शिकवली आहे. ती त्याच खोलीत अभ्यास करून परीक्षेला गेली.