घोडेगावच्या बाजारात थांबलेली मोटार

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, नगरच्या मिशन शाळेतील एका पन्नाशीच्या मास्तराने रविवारी चर्चमध्ये "संकटातही देवाचा हेतू असतो" असा तासभर उपदेश केला आणि त्याच आठवड्यात तो सपशेल विसरला. तो मास्तर मीच.

सोनईहून जावयाचा माणूस आला. माझी एकुलती मुलगी मालन अडली होती (बाळ सुटत नव्हते). सुईण गावात नव्हती. नगरची नर्स दौऱ्यावर, बायको तापाने अंथरुणावर. तिथूनच ती म्हणाली, "निघा एकटेच. रविवारचा उपदेश डब्यात घालून देऊ का? वाटेत लागेल."

लढाईमुळे पेट्रोल नव्हते. सोनईकडे जाणाऱ्या उतारूंच्या मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडलेली, तिच्या गॅसवर ती खोकत चाले. इमामपूरच्या घाटात सगळ्यांनी उतरून ढकलली. घोडेगावला गुरांच्या बाजारापाशी ती बसलीच.

"भट्टी इझली, मास्तर," ड्रायव्हर रहीमभाई म्हणाला. "दोन तास तरी न्हाई हालायची."

सोनई अजून पाच-सहा मैल. मी टोपी धुळीत आपटली आणि आभाळाकडे बघून ओरडलो, "आजच? इथंच? तुला दुसरी मोटार दिसली नाही?" शेजारचा एक बैलसुद्धा दचकला.

बैलगाडी शोधत मी शिंगांमधून धावत सुटलो. एका म्हाताऱ्याने भज्यांचा द्रोण पुढे केला. मी तो न घेताच पुढे पळालो. इतक्यात विकायला आणलेल्या आपल्या म्हशीपाशी सोनईची सुईण सखूबाई दिसली! तिचा हात दलालाच्या हाताला लागलेला, वर उपरणे. इथे भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली बोटे दाबून ठरवतात. मध्येच हात काढला तर सौदा मोडतो.

"सखूबाई, मालन अडलीय!"

"थांबा मास्तर, हात गुतलाय."

मला कुठला धीर! मी तिचे कोपर धरून हिसडा दिला. हात बाहेर आला. दलाल उपरणे झटकून चालता झाला.

सखूबाईने माझ्याकडे असे पाहिले की मला शाळेतली माझीच छडी आठवली. मग तिने एवढेच विचारले, "कळा कवापास्नं?"

"काल दुपारपासून."

तिने ओळखीच्या गाडीवानाला हाक मारली आणि म्हैस गाडीमागे बांधली. बैल पळायला तयार; म्हैस नाही. मी मागे चालत तिला ढकलत होतो आणि प्रत्येक पावलागणिक मालनचे नाव घेत होतो. प्रार्थनेचे शब्द आठवतच नव्हते.

सोनईला पोचताच सखूबाई आत शिरली. बाळ पायाळू होते. दाराबाहेर मी किती वेळ उभा होतो, कोण जाणे. शेवटी आत कुणीतरी रडले. नात! मालन थकलेली, पण डोळे उघडे.

चार दिवसांनी त्याच मोटारीने परतलो. मोटार थांबली नसती तर मी सुईणीवाचून सोनईला पोचलो असतो. हे मी नीट समजून घेतले होते आणि घोडेगाव येताच सगळ्या उतारूंना समजावू लागलो, "इथंच, बंधूंनो, देवानं मुद्दाम मोटार थांबवली! मला तेव्हाच खात्री होती—"

रहीमभाईने मान वळवली.

"मंग तवा आभाळाकडं बघून वरडत कशाला हुता, मास्तर?"