कातडं मऊ करा, खळगा ठेवा

किस्से गोळा करावे लागत नाहीत. दुकानात एक जास्तीची खुर्ची ठेवावी, बस. माणसं आपोआप येऊन बसतात, आणि उठून जाताना किस्सा तिथंच ठेवून जातात.

माझं जुन्नरला चष्म्याचं दुकान आहे. रस्त्यापलीकडे हमीदभाईंचं कुशनचं दुकान. ट्रॅक्टरची सीट, टेम्पोची सीट, दवाखान्यातला बाक, लग्नातला नवरानवरीचा सोफा, ज्यावर माणूस बसतो ते सगळं हमीदभाई शिवतात. जास्तीची खुर्ची त्यांच्याकडे आहे आणि तिच्यावर बहुतेक वेळा मी असतो. माझं गिऱ्हाईक दिसलं की रस्ता ओलांडतो, डोळ्यांचा नंबर काढतो आणि परत येतो. बायको म्हणते, "तुमची पाटी पण तिकडंच लावा ना!"

मला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची खोड आहे, हे आधीच कबूल करतो. पुढं ते उघडकीला येणारच आहे.

*

तर एका सकाळी अवसरी बुद्रुकचे विलासराव पिकअपमध्ये तीन सीटा घालून आले. बटाटा, कांदा, ऊस असं मोठं बागायत असलेला माणूस. त्यांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली एक विलायती मोटार कांद्याच्या चाळीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये पन्नास वर्षं उभी होती. इंजिन पुण्याच्या एका मेकॅनिकनं चालू करून दिलं. राहिल्या होत्या सीटा. अस्सल कातडी, पण अशा कडक झालेल्या की भाकरी थापावी.

हमीदभाईंनी ड्रायव्हरच्या सीटवर बोटांनी टकटक केलं. दार वाजावं तसा आवाज आला. थोडं थांबले आणि म्हणाले, "शेठ, आतून कोणी ओ देत नाही!"

आम्ही हसलो. विलासराव हसले नाहीत. त्यांनी सीटच्या मधोमध हात ठेवला. तिथं एक खळगा होता, खोलगट, गुळगुळीत.

"दादा गेले तवा मी तीन वर्षांचा. चेहरा आठवत न्हाई. फोटो एकच, त्यातपण फेट्याची सावली तोंडावर. ते बसायचे ती ही जागा. भाई, कातडं मऊ करा, पण ह्यो खळगा जाता कामा नये. गेला तर माझ्याकडं दादांचं काईच ऱ्हात न्हाई."

बघणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी सांगितलं, "रेक्झिन मारा आणि मोकळे व्हा!" हमीदभाईंनी कुणाकडं बघितलं नाही. सीट उलटी केली, खालच्या फटीतून दोन बोटं घातली आणि राठ केसांचा पुंजका बाहेर ओढला. आत घोड्याचे केस भरलेले होते! चाळीस वर्षांच्या धंद्यात हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. तो पुंजका त्यांनी नाकाशी नेला, मला दिला, मीही हुंगला. कांद्याचा वास आला.

"करतो," हमीदभाई म्हणाले. "पण घाई करायची नाही. पन्नास साल उभी होती, पन्नास दिवस थांबेल."

*

पहिले दोन दिवस नुसती सफाई. त्यात पाणी ओतायचं नव्हतं. लहान बाळाचा साबण घ्यायचा, त्याचा फक्त फेस करायचा, तो मऊ ब्रशवर घेऊन वीतभर जागा घासायची, लगेच कोरड्या फडक्यानं पुसायची. मग पुढची वीत. मी दिवसभर बघत बसलो. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं चष्म्याविना परत गेली.

संध्याकाळी फडकी लालभडक! मला वाटलं हमीदभाईंचा हात कापला. पण सीटच मरून रंगाची निघाली. वर होता तो नुसता पन्नास वर्षांचा मळ.

काम बघायला आलेले विलासराव तोंडात बोट घालून बघत राहिले. "आयला! मी सगळ्यांना काळ्या सीटची गाडी म्हणून सांगतोय!" त्यांनी तिथूनच घरी आईला फोन लावला, स्पीकरवर. "आई, आगं गाडीची सीट काळी न्हाई, लाल हाय!"

पलीकडून म्हातारी म्हणाली, "लालच हाय. तुला काळी कुनी सांगितली?"

*

आता माझा पराक्रम. लपवून उपयोग नाही, कारण त्याचा पुरावा अजून हमीदभाईंच्या दुकानात खिळ्याला लटकतोय.

माझं आजोळ आणे गावचं. लहानपणी तिथल्या विहिरीवर कातड्याची मोट बघितलेली होती. मऊ, लवलवीत, पाण्यानं भरून वर यायची. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कातडं पाण्यानं मऊ होतं! हे इतकं सोपं असताना हमीदभाई विचार कसला करतायत?

शुक्रवारी ते नमाजाला गेले आणि दुकान माझ्यावर सोपवलं. मागच्या सीटचा, मध्ये हात टेकायचा सुटा भाग बाजूला पडला होता. मी त्याच्यावर ओलं पोतं गुंडाळलं. तासाभरात कातडं कणकेसारखं मऊ. मी पोतं काढलं, तो तुकडा उन्हात ठेवला आणि मनातल्या मनात हमीदभाईंना दोन धडे दिले.

दुसऱ्या दिवशी त्याचा तळलेला पापड झाला होता. चारी कोपरे वर! आधी लाकूड होतं, आता दगड झालं.

हमीदभाई रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी तो तुकडा हातात फिरवला आणि शांतपणे विचारलं, "शरदभाऊ, तुमच्या आजोबांनी मोट कधी उन्हात सुकवली होती का?"

मी आठवून बघितलं. मोट कायम पाण्यात. सुकू दिलीच नव्हती कधी. आणि तिला तेल पाजायचे ते वेगळं.

"पाणी निघून जातं," हमीदभाई म्हणाले, "आणि जाताना होतं ते तेल पण घेऊन जातं." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला, एक बरं झालं. तपासायला तुकडा मिळाला. ह्याच्याहून खराब आता काही होणार नाही!"

*

बातमी बाजारात पसरली आणि औषधं यायला लागली. एका पैलवानानं तिळाचं तेल आणलं. "अंगाला चालतंय, मग कातड्याला का न्हाई? अंग पण कातडंच की राव!" कुणी खोबरेल दिलं. त्या पापडाच्या एका कोपऱ्याला ते लावलं, तर सकाळपर्यंत मुंग्यांनी रांग धरली.

एका मावशींनी घरच्या म्हशीचं तूप आणलं, वाटीभर, रवाळ. हमीदभाईंनी वाटी ठेवून घेतली. दुपारी डबा उघडला, चपातीला तूप लावून खाल्लं. चार दिवसांनी मावशी विचारायला आल्या.

"तूप एक नंबर," हमीदभाई म्हणाले. "पण सीटला कशाला? तिला चव कळत नाही!"

*

खरं औषध सापडलं ते माझ्या दुकानात. हे मी जरा जोरात सांगतो, कारण पापडानंतर माझी अब्रू तेवढीच शिल्लक आहे.

आण्याच्या पठारावरचे धोंडिबा म्हणून धनगर आहेत, ते चष्म्यासाठी आले होते. चष्मा कानामागं बसवताना त्यांनी माझा हात धरला. मी चमकलोच! आयुष्यभर मेंढरांमागं रानोमाळ फिरलेला माणूस आणि तळहात असे, जसे कापसाचे.

"धोंडिबा, हाताला काय लावता?"

"म्या? काय बी न्हाई! कालच कातरन झाली. लोकर कातरली की चार दिस हात आसंच ऱ्हात्यात. लोकरीला त्याल आसतंय न्हवं."

मी त्यांना तसंच हाताला धरून रस्ता ओलांडला. हमीदभाईंनी त्यांचे तळवे उलटेसुलटे करून बघितले. तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर आले. तेही आमच्या खुर्चीचे मेंबर. ते म्हणाले, "अहो, यात नवल काय? गाईच्या सडांना भेगा पडल्या की मी जे मलम देतो त्यात हीच लोकरीची चरबी असते. कातडं फाटू नये म्हणूनच तर लावतात!"

डबी आली. हमीदभाईंनी मलम तळहातावर चोळून पातळ केलं आणि माझ्या पापडावर नखभर लावलं. वरून कोमट फडकं. मग एक दिवस हात लावायचा नाही. पुन्हा नखभर, पुन्हा एक दिवस. जास्त लावलं तर चिकट होतं, घाई केली तर वरच्या वर राहतं. नवव्या दिवशी त्यांनी तुकडा वाकवला. वाकला! तडा नाही, आवाज नाही.

मी तो हातात घेऊन पाच-सहा वेळा वाकवून बघितला. कोपरे मात्र वरच राहिले, म्हणून गाडीसाठी तो भाग भाईंनी नव्यानं शिवला आणि माझा पापड खिळ्याला टांगला.

मुद्दाम बघायला आलेले धोंडिबा मात्र सगळ्यांकडं बघून म्हणाले, "येवढी उसाभर कशाला? मेंढीच बसवा की गाडीत!"

*

मग खऱ्या सीटा सुरू झाल्या. कातडं किती प्यायलंय हे हमीदभाई बोटांनी बघत नाहीत. दाभण धरून बोटांची टोकं बधिर झालीत. ते गाल लावून बघतात. डोळे मिटून, श्वास रोखून, सीटला गाल.

एकदा ते असे टेकलेले असताना खोडदचा एक इंजिनिअर आला, तिकडे आकाशातले रेडिओ आवाज ऐकणाऱ्या मोठ्या दुर्बिणीवर कामाला असतो. तो दारातच थबकला आणि मला कुजबुजत म्हणाला, "भाई झोपलेत का?"

"नाही, ऐकतायत."

त्याला ते फार आवडलं. "आम्ही पण दिवसभर तेच करतो!" म्हणाला, आणि अर्धा तास चप्पल काढून शेजारी बसून राहिला. ज्या कामाला आला होता ते विसरूनच गेला.

*

खळगा मात्र सगळ्यात शेवटी. हमीदभाई त्याच्याभोवती घिरट्या घालत होते. अडचण अशी होती की कातडं कडक होतं म्हणून खळगा टिकला होता. ते मऊ झालं की खालचे घोड्याचे केस वर उसळणार आणि जागा सपाट होणार. विलासराव दर आठवड्याला येत, लांबून बघत, आणि बसा म्हटलं तरी त्या सीटवर बसत नसत.

शेवटी हमीदभाईंनी घरातून गव्हाची एक मऊ पिशवी आणली. ती खळग्यात अशी दाबून बसवली की दाणा न् दाणा त्या आकारात गेला. रोज पिशवी उचलायची, नखभर मलम लावायचं, पिशवी परत तिथंच. केसांना वर यायला सवडच द्यायची नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाभी तरातरा दुकानात आल्या. "घरात पीठ संपलंय, गिरणीत जायला गहू शोधतेय, आणि गहू इथं बसून गाडी चालवतोय!"

हमीदभाईंनी हात जोडले. पुढचे दहा दिवस त्या घरात बाजरीची भाकरी झाली. मी एकदा चोरून गहू बदलून तांदूळ ठेवूया म्हटलं, तर भाई म्हणाले, "शरदभाऊ, तुम्ही फक्त चष्मे बघा."

*

आता शेवटचा.

सीटा बसवायला आम्ही अवसरीला गेलो. हमीदभाई, डॉक्टर, धोंडिबा आणि मी. धोंडिबांनी नवा पटका बांधला होता. पत्र्याच्या शेडमध्ये मरून सीटा घातलेली ती गाडी अशी दिसत होती की आम्ही सगळे उगाच हळू आवाजात बोलायला लागलो. पिशवी काढली. खळगा होता तसा! हमीदभाईंनी शेवटचा एकदा गाल लावला आणि मान डोलावली.

विलासरावांचे डोळे भरले होते. त्यांनी भाईंचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मग आईला घेऊन आले. ऐंशीच्या पुढची बाई, वाकलेली, पण चालणं खटखटीत. पहिली फेरी त्यांनाच घडवायची ठरली होती. विलासरावांनी मागचं दार उघडून धरलं, सीटवर स्वच्छ चादर घातली होती.

"ये आई. आधी ही दादांची जागा बघ. जशीच्या तशी ठेवलीय भाईंनी."

म्हातारीनं मागच्या दाराकडं बघितलं नाही. गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी आली. चपला काढल्या, एकाशेजारी एक नीट ठेवल्या. काठीची गरज नाही, कुणाचा हात नाही, एक पाय आत, वळली आणि बसली. वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखी दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली. स्टीअरिंगच्या खाली गुडघे कुठंच अडले नाहीत. खळगा तिला असा बसला की मध्ये बोट जायला जागा नव्हती.

काच खाली करायचा दांडा आम्हा चौघांना सकाळपासून फिरत नव्हता. तिनं तळव्यानं त्याला आत दाबला, अर्धा वळसा मागं दिला, मग पुढं. काच सरसर खाली गेली. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सैल केला आणि मान मागं टेकवली.

विलासराव हातात किल्ली धरून तसेच उभे होते. "आई..." एवढंच म्हणाले.

"दार लावून घे, इलास," डोळे मिटूनच म्हातारी म्हणाली. "आन् अर्ध्या तासानं ये."

सगळ्यात आधी हमीदभाई वळले. त्यांच्यामागून आम्ही सगळे चहाला गेलो.