खाकरल्याशिवाय न बघणारे मामा

चोरून बघणं ज्याच्या रक्तातच नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि आमच्या मालकांनी नेमका त्यालाच चोरून बघायच्या कामावर बसवला.

हे मालकांचे सख्खे मामा. जतकडचे. मेंढरं विकून टाकली, गावात करमेना, म्हणून भाच्यानं कुपवाडला आणलं. आमचा कारखाना हळद दळायच्या यंत्रांचा. ऑफिसात कामाच्या वेळी कोण इंटरनेटवर काय उघडतं ते दिसावं म्हणून मालकांनी केबिनमध्ये एक स्क्रीन बसवली, आणि परक्यावर विश्वास नको म्हणून तिच्यापुढं घरचे मामा बसवले. अंगावर धोतर-सदरा, डोक्याला पटका, आणि पटक्यावर हेडफोन. तो कशासाठी, देव जाणे!

आता मामांच्या गावाकडची रीत अशी, की कुणाच्याही दारात पाऊल टाकण्याआधी बाप्यामाणसानं खाकरायचं. आत बायाबापड्या असतात, कुणी जेवत असतं. मामांच्या लेखी प्रत्येकाचा कॉम्प्युटर म्हणजे ज्याचं त्याचं घर. तो बघायच्या आधी ते असे खाकरत की बाहेरचे वेल्डर दचकत. वर हाक असे, "कुलकर्णी, बघाय लागलोय रं! काय असंल त्ये आवर!" तोवर कुलकर्णी क्रिकेट मिटवून जीएसटीत डोकं खुपसून बसलेले. "लय गुणाची मान्सं हायती," असा मामांचा रोजचा अहवाल. एकदा स्टोअरकीपर बैलांच्या शर्यतीत इतका रंगला की त्याला खाकरणं ऐकूच गेलं नाही. मामा तरातरा बाहेर आले. आम्ही म्हटलं, संपला बिचारा! मामा म्हणाले, "गड्या, त्यो डावीकडचा खोंड कुठला म्हणायचा?" झालं! दुपार त्या खोंडावर गेली.

मग मालकांच्या कानावर आलं, की ऑफिसातलं कुणीतरी दुसरीकडे नोकरी शोधतंय. त्यांनी मामांना गुपचूप दम भरला, आठवडाभर तोंडातून आवाज काढायचा नाही, नाव कळलं की त्या माणसाला त्याच दिवशी घरी पाठवतो. आम्हाला हे नंतर समजलं. शोधत होती डिस्पॅचची वैशाली. नवऱ्याची बदली साताऱ्याला, पोरगी लहान, दोन ठिकाणी दोन चुली. तिकडची नोकरी मिळायच्या आत इथली गेली असती तर घर बसलंच असतं. केबिन शांत म्हणजे मामा बघत नाहीत, अशा समजुतीनं ती जेवणाच्या सुट्टीत अर्ज भरत होती.

शनिवारी मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मामा, कोण ते?"

"बघितलं म्या. पर न खाकरता बघितल्यालं सांगायचं नसतंय."

"अहो, कंपनी माझी आहे!"

"कंपनी तुजी रं. घरं त्येंची."

"मग तुमचा इथं उपयोग काय?"

"त्ये बी खरंच," मामा म्हणाले. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पिशवी उचलली.

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. वैशाली मागून धावत आली आणि पाया पडली. मामांनी बघितलं ते आपलंच, याची तिला अजून खात्री नव्हती. मामांनी इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "साताऱ्याचं जमलं का गं, पोरी?" तिनं मानेनंच नाही म्हटलं आणि तिथंच रडायला लागली. "जमंल की! रडतीस कशाला? शोधत ऱ्हा," म्हणत मामा रिक्षात बसले.

हल्ली केबिनमध्ये कुणीच नसतं, नोंदी आपोआप होतात. मामांची आठवण आली की मला खरंच भडभडून येतं. वैशालीला पुढं साताऱ्याला नोकरी लागली. ती बातमी तिनं आधी जतला मामांना फोन करून सांगितली, मग नवऱ्याला.