अंकाआधीचा दम

नळदुर्गच्या पोस्टात आबाराव बनसोडे तारमास्तर होते. नुसते होते असं नाही, सोलापूरपासून उमरग्यापर्यंत त्या तारेवर बसणारा प्रत्येक माणूस त्यांचा हात ओळखत होता. हात म्हणजे हस्ताक्षर नव्हे. तारेच्या कळीवर बोट दाबून कट्ट-कडकट्ट करताना ज्याची त्याची एक चाल पडते, तिला ती मंडळी हात म्हणतात. आबारावांच्या हाताची खूण अशी की ते प्रत्येक आकड्याआधी एवढासा दम घ्यायचे.

ही खोड दुष्काळातली. बहात्तर साली तालुक्याच्या सगळ्या तारा त्यांच्याच बोटाखालून गेल्या. चाऱ्याच्या वॅगनी किती, टँकर किती, वाटपाच्या सुकडीची पोती किती. एकदा पन्नासाचे पंधरा झाले आणि एका गावाला पस्तीस पोती कमी पोचली. चूक कोणाच्या टोकाला झाली ते कधी कळलं नाही, पण आबारावांनी ती मुकाट्यानं आपली मानली. तेव्हापासून आकडा आला की ते थांबत, पलीकडच्यानं पेन्सिल नीट धरावी म्हणून.

पलीकडे सोलापुरात सिद्रामप्पा असायचे. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण दुष्काळात दोघं बारा-बारा तास तारेच्या दोन टोकांना बसले होते. तारा संपल्या की सिद्रामप्पा विचारायचे, जेवलात का. आबाराव जेवलेले नसले तरी हो म्हणायचे. एका तारेवर सहा पोस्टं होती, तेव्हा हे जेवण सहाही ठिकाणी ऐकू जायचं आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे.

आबारावांना घरी आणखी एक नाद होता, हौशी रेडिओचा. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन घ्यायचं, मग घरच्या यंत्रावरून जगातल्या कुठल्याही हौशी माणसाशी बोलायचं. धंद्याचं नाही, राजकारणाचं नाही, नुसतं आपण आहोत आणि ऐकू येतोय एवढंच. माणसाला कशाचा नाद लागावा याला काही धरबंध नसतो. आबारावांनी लढाईतल्या भंगारातून यंत्र जमवलं होतं. ते अर्धं टेबल खायचं आणि वीज गेली की मुकं व्हायचं. लायसन मात्र बायकोच्या, मुक्ताबाईंच्या ट्रंकेत, मुलांच्या दाखल्यांच्या खाली, कापडात गुंडाळून. त्यांच्या घराण्यात सरकारी पगार घेणारा पहिला माणूस तेच होते, त्यामुळं सरकारी शिक्क्याचा कागद म्हटला की त्या घरात सगळेच हात पुसून मग तो उचलायचे.

आता जे घडलं ते शहात्तर सालचं. आणीबाणी होती. लोक बसमध्येसुद्धा इकडंतिकडं बघून बोलायचे. वायरलेस हा शब्द तर कोणी मोठ्यानं उच्चारतही नव्हतं. अशा दिवसांत एका रविवारी सकाळी उत्तरेश्वरनं त्यांना दुकानात बोलावून घेतलं. उत्तरेश्वर रेडिओ दुरुस्त करायचा, हौशी लायसनच्या परीक्षेला दोनदा बसून दोनदा आपटला होता आणि त्याचं त्याला वैषम्य नव्हतं. दुकानात आण्णासाहेब बसले होते. चारशे एकरांचे धनी, होऊ घातलेल्या सहकारी साखर कारखान्याचे संचालक. त्यांच्या मांडीवर एक डबा होता, चार पुडांच्या जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा.

"मास्तर, बगा," उत्तरेश्वर म्हणाला. "ह्येच्यातच ऐकायचं, ह्येच्यातच बोलायचं. पाच पट्टे हायत. ऐंशी मीटरपासून धा मीटरपर्यंत. आन् जीपच्या बॅटरीवर चालतंय."

आबारावांनी डबा हातात घेतला. तो इतका हलका होता की त्यांना आधी तो रिकामाच वाटला.

"पावर किती?"

"पाच वॅट."

"पाच वॅटमधी काय व्हतंय," आबाराव म्हणाले, पण त्यांचं बोट एव्हाना पट्टा बदलायच्या बटणावर फिरत होतं. बटण लोण्यासारखं फिरत होतं. "माजं पन्नास वॅटचं यंत्र हाय, तरी हैदराबादच्या फुडं जाताना धाप लागती."

"तुमचं यंत्र उचलायला दोन हमाल लागत्यात," उत्तरेश्वर म्हणाला. "ह्ये काखंत मारून किल्ल्यावर न्यायचं. उपळ्या बुरुजावर तार ताणली की पाच वॅट बी लई झाले. उंचीचं म्हत्त्व हाय, तुमीच शिकिवलं न्हाय का?"

आण्णासाहेबांचा मेहुणा आखातात नोकरीला होता, त्यानं हे आणलं होतं. कसं आणलं हे कोणी विचारलं नाही. आण्णासाहेबांच्या डोक्यात वेगळंच होतं. कारखाना उभा राहिला की ऊसतोडीच्या टोळ्यांना असले डबे द्यायचे, म्हणजे कुठल्या फडात गाडी पाठवायची ते जागेवरनं कळेल. असं करायला मुळीच परवानगी नाही, हे आबारावांनी त्यांना दोन वेळा समजावून सांगितलं. आण्णासाहेबांनी दोन्ही वेळा मान हलवली.

"त्ये फुडचं फुडं बगू. आधी चालतंय का त्ये तर बगा. तुमच्याबगर तालुक्यात दुसरं कोण हाय?"

लायसनवर एक पत्ता लिहिलेला होता, एक यंत्र लिहिलेलं होतं. दुसऱ्या जागेवरून, दुसऱ्या यंत्रावरून, तेही कस्टमच्या कागदाशिवाय आलेल्या, एक शब्द जरी पाठवला तरी लायसन जाणार. आणि नोकरी पोस्टाची असल्यामुळं लायसन एकटं जाणार नाही. हे सगळं त्यांना लख्ख कळत होतं, आणि तरी डबा त्यांच्या हातून खाली ठेववत नव्हता.

"तुमी उगं भेताव," आण्णासाहेब म्हणाले. "माजं नाव सांगा की."

आण्णासाहेबांचं नाव आण्णासाहेबांच्या कामाला येतं, बनसोड्यांच्या नाही, हे आबाराव बोलले नाहीत.

भर दुपारी तिघं बुरुजावर चढले. जीपची बॅटरी खांद्यावर घेऊन उत्तरेश्वर पायऱ्या मोजत होता आणि प्रत्येक दहा पायऱ्यांना परीक्षकांच्या नावानं बोटं मोडत होता. तांब्याच्या तारेची दोन टोकं सुतळीनं दोन तोफांना बांधली. आबारावांनी कानाला फोन लावले आणि चाळीस मीटरचा पट्टा उघडला. आवाज असे स्वच्छ आले की माणसं शेजारी बसल्यासारखी. बंगलोरचा एक म्हातारा होता, रोजचा ओळखीचा. आबारावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षं ते ज्या खरखरीतून शब्द वेचत होते, ती खरखर त्यांच्याच यंत्राची होती.

मग त्यांनी कळ पुढं ओढली. या नादात एक रीत सगळ्यात मोठी मानतात. कोणाशीही बोला, पण आधी आपलं सरकारनं दिलेलं खूणनाव द्या. बिननावाचा आवाज म्हणजे चोर. आबारावांनी आयुष्यात पहिल्यांदा ती रीत मोडली. नाव दिलं तर पुरावा, नाही दिलं तर कोण कोणाला ओळखतंय, असा त्यांनी विचार केला. त्यांनी फक्त चाचणी हा शब्द पाठवला आणि पुढं एक, दोन, तीन, चार, पाच.

ते ऐकू लागले. मग जवळून कुठूनतरी, घाईघाईच्या, ठोकळेबाज हातानं उत्तर आलं. त्यालाही खूणनाव नव्हतं. सहाच अक्षरं होती आणि पुढं प्रश्नचिन्ह.

ABARAO?

त्यांनी कानाचे फोन असे ओढून काढले की कान सोलला. उत्तरेश्वरनं काय झालं विचारलं. त्यांनी आधी बॅटरीची वायर उपटली, मग सांगितलं.

"कोण आसंल?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"आपल्यावर कान ठिवणारी सरकारी मान्सं असत्यात," आबाराव म्हणाले. "तीबी तारंतनंच गेलेली असत्यात. म्या आकड्याआधी थांबलो. त्यास्नी नाव कशाला पायजे."

घरी जाऊन त्यांनी नोंदवही काढली. प्रत्येक संभाषण तीत लिहायचं असा नियम होता आणि पाच वर्षांत एक ओळ चुकली नव्हती. त्या रविवारची ओळ त्यांनी कोरी ठेवली, मग कोरी ओळ दिसते म्हणून वही बंद केली, मग बंद वही संशयास्पद वाटते म्हणून पुन्हा उघडून टेबलावर ठेवली.

सोमवारपासून त्यांनी आपला हात बदलायला घेतला. आकडा आला की न थांबता पुढं जायचं. बोट आपोआप थांबायचं, ते त्याला रेटायचे. जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवत बसायचे.

"अवो, भाकर निवायली," मुक्ताबाई म्हणाल्या. "काय वाजवताव येवढं? अंगात ताप हाय का?"

"न्हाय."

"मंग रातच्याला दचकून का उठताव?"

त्यांनी सांगितलं नाही. तिला माहीत नसलं तर तिला कोणी विचारणार नाही, एवढाच हिशेब त्यांना सुचला.

आठव्या दिवशी पोस्टासमोर जीप थांबली. दोन माणसं उतरली. आबारावांनी खिडकीतून बघितलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. ती माणसं रेडिओच्या लायसनचा तपास करणारी निघाली. तेव्हा घरात साधा रेडिओ ठेवायचा तरी पोस्टात वर्षाला पैसे भरून पुस्तकावर तिकीट लावून घ्यावं लागे. गावात दुरुस्तीचं दुकान असेल तर दाखवायला एक माणूस द्या, असं ते म्हणाले. पोस्टमास्तरांनी सहज आबारावांकडं बोट केलं.

तो डबा उत्तरेश्वरच्या दुकानातच होता. उघडून, एका जुन्या रेडिओच्या लाकडी खोक्यात बसवून, पुढं जाळीचं कापड लावून. आबाराव त्या दोघांच्या पुढं चालले. बाजारातला रस्ता त्यांच्या रोजच्या पायाखालचा, पण त्या दिवशी संपता संपेना.

मोठ्या साहेबानं एकेक खोकं बघितलं, पुस्तकं तपासली आणि त्याच खोक्यावर बोटानं टकटक केली.

"हा कोणाचा?"

"गिऱ्हाइकाचा. व्हॉल्व गेलाय, साहेब," उत्तरेश्वर म्हणाला. "सोलापूरास्नं यायचाय."

साहेबानं आबारावांकडं बघितलं. "तुम्हाला काय झालं? घाम आलाय."

"चालून आलो, साहेब."

माघ महिना होता. साहेब हसला, चहा न घेता गेला. त्या दुपारी उत्तरेश्वरनं खोकं पोत्यात घालून आण्णासाहेबांच्या वस्तीवर पोचवलं. पुढं ते कुठं गेलं ते आबारावांनी कधी विचारलं नाही. आण्णासाहेबांनी ते प्रकरण आठवडाभरात विसरूनही टाकलं असावं. भीतीचंही असंच, ती ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं राहते.

आणखी एक आठवडा गेला. कोणी आलं नाही. आबारावांचा हात आता पुरता बदलला होता. आकडे सरळ, सपाट, न थांबता जात होते. स्वतःचंच ऐकताना त्यांना ते परक्या माणसाचं वाटायचं.

मग एका दुपारी तीनच्या सुमाराला, दिवसाच्या तारा संपल्यावर, सोलापूरची कळ वाजली. हात सिद्रामप्पांचा, संथ, जुना.

"नळदुर्ग, तुम्ही कोण? दोन आठवडे झाले, हात ओळखीचा नाही. आबाराव कुठं आहेत?"

आबारावांचं बोट कळीवर तसंच राहिलं. ते काही पाठवण्याआधी पलीकडून पुन्हा सुरू झालं.

"भेटले तर निरोप द्या. त्या रविवारी मीच होतो. त्यांच्याच नादानं मी घरी हौशी परीक्षेचा अभ्यास केला, पास झालो. पहिल्याच दिवशी त्यांचा हात ऐकला, घाईत खूणनावही द्यायचं राहिलं. कळ नवी आहे, तिच्यावर हात बसला नाही, म्हणून त्यांनी ओळखलं नसेल. दर रविवारी दुपारी ऐकत बसतो. ते येत नाहीत."

आबारावांना हसू आलं, मग रडू आलं, आणि मग या दोन्हींच्या वर भीती आली. एका तारेवर सहा पोस्टं. सिद्रामप्पांचं एकेक अक्षर सहा टेबलांवर पडत होतं. त्या रविवारी, हात, ऐकला. हे ऐकून कोण काय जोडेल, आणि कोणाला सांगेल? मीच आबाराव आहे, एवढं म्हटलं की तो कबुलीजबाब झाला. आणि गप्प बसावं तर सिद्रामप्पा आणखी बोलणार. त्यांना थांबवायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता.

त्यांनी पाठवलं, "आबाराव यांची बदली झाली."

"कुठं?"

तोंडाला येईल ते गाव, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. "वाशी."

"कधी?"

आता आकडा द्यायचा होता. बोट कळीवर टेकलं आणि सवयीनं थांबू लागलं. आबारावांनी दात आवळले आणि ते पुढं रेटलं. "१२ तारखेला."

मग सिद्रामप्पा नेहमीच्या सावकाशीनं म्हणाले, "बरं. तुम्ही नवे आहात, राग मानू नका. तुम्ही आकडा फार घाईनं देता. आकड्याआधी जरा थांबत जा. आबाराव थांबायचे."

आबारावांनी पोच दिली. मग त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि वाशीला बदली मिळावी म्हणून पोस्टाच्या वरच्या साहेबांना अर्ज लिहिला. कारण घरगुती दाखवलं. शेवटी एक ओळ जोडली की तारेचं सोडून दुसरं कुठलंही काम चालेल.