यासीनची धून आणि बंदुकीचं तेल

माझं सध्याचं पोस्टिंग दिल्लीत आहे. आर. के. पुरम, सरकारी क्वार्टर, दुसरा मजला. क्वार्टर मुलीच्या नावावर, ती केंद्र सरकारच्या नोकरीत. माझा हुद्दा आजोबा. त्याआधी सत्तावीस वर्षं पायदळात होतो आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. उठणं अजून पावणेपाचला. दाढी, चहा, पार्कात चार फेऱ्या, मग नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडणं. अशा शिस्तीत चाललेल्या आयुष्यात वयाच्या एकसष्टाव्या वर्षी सॅक्सोफोन शिरला, तो एका फोनमुळे.

फोन रेहानाचा होता. रेहाना म्हणजे लान्स नाईक यासीन मुलाणीची मुलगी. बाप गेला तेव्हा ती आठ महिन्यांची होती. आता पुण्यात आयटी कंपनीत आहे.

"काका," ती म्हणाली, "अब्बा स्वतःची एक धून वाजवायचे म्हणे. अम्मी म्हणते फार छान होती, पण तिला आठवत नाही. तुम्हाला येते का?"

मी म्हणालो, "येते."

"म्हणून दाखवा ना."

मी फोनवर गुणगुणायला गेलो. माझा गळा परेड ग्राउंडवर गेलेला आहे. दोन ओळींनंतर माझं मलाच हसू आलं आणि मी थांबलो. मग ध्यानात आलं. ती धून कुणी लिहून ठेवलेली नव्हती, कुणी टेप केलेली नव्हती. आमचे बँडमास्टर वारले. बँडमधल्या दोघांना मागे एकदा फोनवर विचारलं होतं, त्यांना सुरुवातसुद्धा आठवली नव्हती. म्हणजे ती फक्त माझ्या डोक्यात उरली होती, आणि माझं डोकं काही कायमचं नाही.

"हिवाळ्यात तू दिल्लीला येणार आहेस ना ट्रेनिंगला?" मी म्हणालो. "तेव्हा वाजवून दाखवतो. तो वाजवायचा त्याच वाद्यावर, सॅक्सोफोनवर."

फोन ठेवल्यावर बायको, सुनंदा, माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, तुम्हाला साधी शिट्टी येत नाही."

"शिकेन."

आता नागरिकांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. पलटणीचा बँड तुम्ही परेडमध्ये पाहिलेला असतो, लाल पट्टे आणि चकचकीत पितळ. पण पलटण ऑपरेशनला निघाली की तेच लोक वाद्यं स्टोअरमध्ये जमा करतात आणि स्ट्रेचर घेतात. जखमी खाली आणणं हे बँडवाल्यांचं काम. आम्ही रायफलवाले शांततेच्या काळात त्यांची टिंगल करायचो. यासीनला मी पिपाणीवाला म्हणायचो. उंच, काटकुळा, मान लांब, खिशात कायम गुळाचा खडा. संध्याकाळी बराकीच्या लाइनमध्ये बसून तो स्वतःची एक संथ धून वाजवायचा. मी ओरडायचो, "मुलाणी, म्हैस दूध देईनाशी होईल!" तो हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्या टिंगलीची मला आज लाज वाटते.

उत्तरेकडच्या एका डोंगरधारेवर आमची पोस्ट होती. मी नाईक होतो, एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर. पहाटे पाच दहाला पहिला गोळा पडला, पाच वीसला तिसरा. तिसऱ्याने माझी मांडी फाडली आणि एक स्प्लिंटर डाव्या हातात घुसला. वायरलेसवरचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"चार्ली टू फॉर वन. दोन कॅज्युअल्टी. एक सीरियस. ओव्हर."

"वन फॉर चार्ली टू. स्ट्रेचर पार्टी निघाली. आउट."

सहाला चौघे वर पोचले. यासीन माझ्या डोक्याच्या बाजूला होता. स्ट्रेचर नेताना पावलं मुद्दाम बेताल टाकावी लागतात, एका तालात चाललं की ते झोपाळ्यासारखं हलतं आणि रक्त जास्त जातं. जन्मभर तालात चाललेली ती माणसं त्या उतारावर बेताल चालत होती. माझे डोळे मिटायला लागले की यासीन म्हणायचा, "कदम, झोपायचं नाही. ऐक." आणि तीच धून तोंडाने म्हणायचा. धापा टाकत, मधेच तोडून, पण म्हणायचा. चाळीस मिनिटं. पुन्हा पुन्हा. त्यामुळे ती माझ्यात अशी बसली आहे की भूल देऊनसुद्धा गेली नाही.

सहा चाळीसला मला एड पोस्टवर उतरवलं. यासीन दोन घोट पाणी प्यायला. डॉक्टर म्हणाले, "पाच मिनिटं बस." तो म्हणाला, "साहेब, वर दुसरा आहे." आणि गेला. सात पाचला वाटेतच गोळा पडला. दुसऱ्या जखमीला दुपारी दुसऱ्या पार्टीने आणलं, तो वाचला. यासीनबद्दल मला चार दिवसांनी सांगण्यात आलं.

तर सॅक्सोफोन. करोल बागेतल्या एका गल्लीत लग्नाच्या बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करणारा एक म्हातारा उस्ताद आहे. त्याच्याकडून जुना आल्टो सॅक्सोफोन घेतला. शिकवायला नेल्सन सर मिळाले. ते मूळचे पुण्याचे, नोकरी गुरुग्रामला, वय माझ्या मुलीएवढं. वाद्य गळ्यात घेतलं की माणूस बदलतो. दर रविवारी सकाळी आठला यायचे.

मी ड्यूटी लॉग ठेवला. पहिल्या आठवड्यातली नोंद अशी आहे: ०६३०, फट. ०६४०, फट. ०६५०, किंचाळी. ०७००, शेजारी.

शेजारी म्हणजे वरच्या मजल्यावरचे मिश्राजी. अदबीने दारात उभे राहिले. "सूबेदार साहब, तबीयत तो ठीक है? सुबह-सुबह कराहने की आवाज़ आती है."

"तबीयत बिल्कुल ठीक है," मी म्हणालो. "आवाज़ जारी रहेगी."

दुसऱ्या दिवसापासून पार्कात गेलो, तेवढी माणुसकी माझ्यात आहे. पण बंद केलं नाही.

दोन महिन्यांत वरचे सूर यायला लागले. खालचे मात्र येईनात. सगळं घोडं डाव्या हाताच्या अनामिकेशी अडायचं. स्प्लिंटर लागल्यापासून ते बोट वाकडं झालंय आणि पूर्ण मिटत नाही. त्या बोटाची कळ दाबली की पुढचे सूर फुसफुसायचे, आणि धून तर नेमकी तिथेच खाली उतरते. मी ते बोट दोऱ्याने बांधून पाहिलं. गरम पाण्यात तासतासभर बुडवलं. एका सकाळी राग अनावर झाला आणि मी पार्कातल्या बाकावर मूठ आपटली. गळ्यातल्या वाद्याला धक्का बसून रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाची वेताची पट्टी, तुटली, हात सुजला. शिस्तभंग झाला तेव्हा शिक्षा हवी. मी स्वतःला पिट्ठू परेड दिली, म्हणजे वाद्याची पेटी पाठीवर बांधून पार्काला दहा फेऱ्या.

घामाघूम होऊन घरी आलो तर सुनंदा म्हणाली, "शिक्षा कुणाला होती? तुम्हाला की त्या पेटीला?"

नेल्सन सरांचा उपाय वेगळा होता. "काका, चिडलात ना, तर धून सोडा. एकच सूर धरा, येतो तोच, दम संपेपर्यंत. बस. तो सूर तुमच्यावर चिडत नाही." मला ते आधी बायकी वाटलं होतं, खरं सांगतो. पण केलं. रोज वीस मिनिटं एकच सूर. राग जायचा नाही, पण रांगेत उभा राहायचा. खालचे सूर तरीही आले नाहीत, उलट आणखी बिघडत गेले.

रेहाना यायला तीन आठवडे राहिले तेव्हा नेल्सन सर रविवारऐवजी शुक्रवारी, ऑफिसमधून थेट आले. त्यांचं स्वतःचं वाद्य बरोबर नव्हतं. बसले, चष्मा काढून पुसला.

"काका, एक बोलू? रागावू नका. बोटाचं काही होणार नाही. धून आता मला पाठ झालीय, तुमच्या तुकड्यांतून. ती येईल त्या दिवशी मी वाजवतो. तुम्ही शेजारी उभे राहा. तिला धून मिळाली म्हणजे झालं ना, यार?"

आतून सुनंदाचा आवाज आला, "बरोबर बोलताहेत ते."

बरोबरच होतं. तेच मला खटकलं. "सर," मी म्हणालो, "त्या माणसाने मला डोंगर उतरवला. 'पाच मिनिटं बस' म्हटलं तर बसला नाही. माझं ओझं मी दुसऱ्याच्या खांद्यावर देणार नाही. फुसफुस तर फुसफुस, मीच वाजवणार."

"ठीक आहे. निदान एकदा ऐका तरी, कशी उतरते ती."

त्यांनी माझं वाद्य उचललं, खिशातून स्वतःचा माउथपीस, म्हणजे वाद्याचं फुंकायचं टोक, काढून लावला आणि सुरुवात केली. वरचे सूर मधासारखे आले. मग खाली उतरले.

फट.

पुन्हा फुंकलं. फट. मी आयुष्यात कुठल्याही आवाजाने इतका खूश झालेलो नाही.

सरांनी वाद्य नाकाशी नेलं. "काका, हा वास कसला?"

"तेलाचा. रोज देतो."

"कसलं तेल?"

"बंदुकीचं. माजी सैनिकाच्या घरी दुसरं कुठलं असणार?"

मी सविस्तर सांगितलं. रोज संध्याकाळी पाच वाजता वाद्य खोलायचं, नळीतून पुलथ्रू ओढायचा, म्हणजे रायफलची नळी साफ करायची दोरी. मग प्रत्येक भोकाला आणि प्रत्येक गादीला तेलाची चिंधी फिरवायची. शेवटी सुनंदाकडून इन्स्पेक्शन. सत्तावीस वर्षांत माझ्या हत्यारावर कधी गंज सापडला नव्हता.

नेल्सन सर डोकं धरून बसले. सॅक्सोफोनच्या भोकांवर कातड्याच्या गाद्या असतात. त्या कोरड्या हव्यात, तरच भोक नीट बंद होतं. माझ्या तेलाने त्या फुगून वेड्यावाकड्या झाल्या होत्या आणि हवा गळत होती. जितक्या निष्ठेने सफाई, तितका सत्यानाश. तीन महिने मी बिचाऱ्या बोटाला शिव्या दिल्या होत्या.

करोल बागेत उस्तादाने वाद्य हुंगलं. "चमड़े पर बंदूक का तेल? फ़ौजी हो?"

"हां."

"तभी."

लग्नाचा सीझन होता, त्याने दहा दिवस लावले. हातात अकरा दिवस उरले. सगळ्या गाद्या नव्या. पहिल्या सकाळी पार्कात खालचा सूर आला, खोल आणि अख्खा. बोट वाकडंच होतं आणि सूर सरळ आला. मी बाकावर बसून रडलो. कुत्री फिरवणाऱ्या दोन बायका थांबल्या आणि पुढे गेल्या.

दर हिवाळ्यात आम्ही दिल्लीकडचे दहा-बारा जुने पलटणवाले एक मिनी बस करून पानिपतला, काला अंबला जातो. तिथल्या मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकापाशी फूल ठेवतो आणि आपल्या पलटणीच्या पडलेल्यांची नावं वाचतो. रेहाना त्या बसमध्ये माझ्या शेजारी बसून आली. नऊ वाजता तिथे धुकं इतकं होतं की स्मारकाचा माथा दिसत नव्हता. नावं वाचून झाली. मी पेटी उघडली.

थंडीत वाद्य बेसूर होतं आणि बोटं लाकूड होतात. पहिल्यांदा सुरुवातीलाच किंचाळी निघाली. कुणीतरी खाकरलं. दुसऱ्यांदा दोन ओळी झाल्या आणि दम तुटला. आमचे जुने सुभेदार मेजर, मला वडीलधारे, प्रेमाने म्हणाले, "कदम, राहू दे. भावना पोचल्या. बस आता."

"साहेब," मी म्हणालो, "बसणार नाही."

डोळे मिटून येतो तोच एक सूर धरला, दम संपेपर्यंत. राग रांगेत उभा राहिला. मग तिसऱ्यांदा सुरुवात केली. वरून खाली उतरलो, बोट दाबलं, सूर आला. यासीन जिथे धापेमुळे तोडायचा तिथे मीही तोडलं. एक सूर चुकला. थांबलो नाही. शेवटपर्यंत गेलो.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, तिथे वाजवत नाहीत. सुभेदार मेजर साहेबांनी टोपी काढली. रेहाना नाक पुसत माझ्याकडे आली.

"काका, अब्बा असंच वाजवायचे?"

"नाही. खूप चांगलं वाजवायचा. चुका माझ्या आहेत, धून त्याची आहे."

"परत वाजवा."

मी चार वेळा वाजवली.

परतीच्या वाटेवर बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून गुणगुणायला लागली. गळा चांगला आहे पोरीचा. पण तिसऱ्या ओळीत माझी चूकही तिने तशीच्या तशी उचलली होती.

"थांब," मी म्हणालो. "तिथे चुकतेस. ते माझं आहे. पुन्हा."

पुन्हा तीच चूक. "पुन्हा."

"काका, चिडताय कशाला? येईल ना!"

"चिडलेलो नाही. पुन्हा."

मुरथल गेलं. सोनीपतच्या वळणाशी ती वैतागून म्हणाली, मला नाही जमत, आणि हाताची घडी घालून बसली. मी तिला एकच सूर धरायला सांगितला. तिने धरला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि दिल्लीची हद्द लागायच्या आत तिसरी ओळ बरोबर आली. यासीनच्या तोंडून डोंगरावर ऐकली होती, अगदी तशी. पुढच्या सीटवरचे म्हातारे मागे वळून बघायला लागले.

ही धून लान्स नाईक यासीन मुलाणीची आहे. बँड प्लाटून, आल्टो सॅक्सोफोन, स्ट्रेचर बेअरर. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी, दुसऱ्या जखमीला आणायला वर जाताना पडला. त्याच्या मुलीला आता ती बिनचूक येते.