साताऱ्याहून जवळचं लंडन

नव्वदच्या दशकात माझी बहीण लग्न होऊन लंडनला गेली, आणि दोन वर्षांनी तिने आईला उन्हाळ्यात बोलावून घेतलं. मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधून बहिणीनंतर परदेशी निघालेली आई दुसरीच. तिकीट हातात आलं तेव्हा वडिलांनी चष्मा लावून वाचलं. मुंबईहून सुटणार दुपारी दोनला, लंडनला पोहोचणार संध्याकाळी पावणेसातला.

"पावणेपाच तास," ते म्हणाले. "आपल्याला साताऱ्याला जायला याहून जास्त लागतात."

मी म्हटलं, "बाबा, तिथली घड्याळं मागे असतात."

"मागे असतील तर त्यांनी लावून घ्यावीत. तिकिटावर खोटं कशाला छापतील?"

दोन दिवसांत सगळ्या बिल्डिंगला कळलं, की लंडन साताऱ्यापेक्षा जवळ आहे.

आई गेली. त्या संध्याकाळी बरोबर पावणेसातला वडील मला घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि त्यांनी लंडनला फोन लावला.

"आई पोहोचली?"

"बाबा, अजून वेळ आहे," बहीण म्हणाली. "मी आत्ताच जेवायला बसलेय."

"जेवायला? तिकडे ती बिचारी विमानतळावर उभी असेल, आणि तू जेवतेयस?"

"इथे दुपारचे सव्वादोन वाजलेत."

वडिलांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, "हिचं घड्याळ बंद पडलंय."

शेवटी बहिणीने जावयांना फोन दिला. जावयांचं वडील निमूट ऐकत; 'मध्यरात्रीपर्यंत थांबा' एवढं ऐकून ते घरी आले. पण तेव्हा जेवले नाहीत.

इकडे विमानात आईच्या मनगटावरही पावणेसात वाजले होते. तिने केस बांधले, चपला घातल्या, स्वेटर चढवला आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. पुढचे साडेचार तास ती तशीच बसून राहिली. मधे हवाई सुंदरी जेवण घेऊन आली, तिला आईने हातानेच नको म्हटलं. उतरून लेकीकडेच जेवायचं होतं. विमान उतरलं तेव्हा तिच्या घड्याळात रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. कोणाला विचारायची तिला लाज वाटली. तिने घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

दोन महिन्यांनी परतीचं तिकीट ठरलं. रात्री साडेनऊला सुटून सकाळी पावणेअकराला मुंबई. बहिणीने फोनवर वेळा सांगितल्या, वडिलांनी बोटांवर मोजलं आणि मान डोलावली.

"सव्वातेरा तास. येताना चढ लागत असणार. खंबाटकीच्या घाटात एसटीचं असंच होतं."



आईला घेऊन आम्ही विमानतळावरून रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा करत घरी आलो. चहा घेताना तिने रात्री सव्वाअकराच्या उन्हाची गोष्ट सांगितली. वडिलांनी सगळी लक्ष देऊन ऐकली आणि एकच विचारलं,

"मग त्या दिवशी तू जेवलीस कधी?"

"तुमच्या मध्यरात्रीनंतर."

"मीपण तेव्हाच," वडील म्हणाले.